नंबर खरा, माणूस खोटा : कॉलवर खरेपणाचा शिक्का मारला की स्पॅम थांबतो का?

ऑक्टोबर २०१६. ठाणे पोलिसांनी मीरा रोडमधल्या कॉल सेंटरवर रात्रीच्या वेळी धाड टाकली. आत शेकडो पोरं-पोरी हेडफोन लावून कामाला बसलेली होती. सुमारे ७७० जणांना ताब्यात घेतलं, त्यातल्या ७० जणांना अटक झाली.

काम काय चालायचं? अमेरिकेतल्या लोकांना फोन लावायचा. आपण तिथल्या टॅक्स खात्यातून, म्हणजे आयआरएसमधून बोलतोय असं सांगायचं. तुमचा टॅक्स थकलाय, आता पोलीस दारात येतील अशी भीती घालायची आणि मग गिफ्ट कार्डच्या रूपात पैसे काढून घ्यायचे. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्यानं अशाच भारतातल्या कॉल सेंटरच्या जाळ्यावर खटला भरला. त्यात फसलेल्यांचा आकडा हजारोंच्या घरात होता आणि गेलेले पैसे कोट्यवधी डॉलर.

आता प्रश्न पडतो की टेक्सासमधला एखादा रिटायर माणूस मीरा रोडवरून आलेला फोन उचलतोच कशाला? तर त्याच्या स्क्रीनवर मीरा रोड दिसायचंच नाही. दिसायचा तो अमेरिकेतलाच नंबर.

ही जी नंबर बदलून दाखवायची ट्रिक आहे तिला म्हणतात स्पूफिंग. आणि ती मोडून काढायला अमेरिकेनं जी यंत्रणा उभी केली तिचं नाव स्टर-शेकन. प्रत्येक कॉलवर डिजिटल सही, म्हणजे हा नंबर खरोखर याचाच आहे असं सांगणारा शिक्का. २०२१ च्या जूनअखेर मोठ्या कंपन्यांना ती सक्तीची झाली. त्याला आता इतकी वर्षं झाली, तर स्पॅम कॉल कमी झाले का?

पाकिटावरचा 'प्रेषक'

आधी हे समजून घ्यायला पाहिजे की नंबर बदलता येतोच कसा.

पोस्टाच्या पाकिटावर डाव्या कोपऱ्यात प्रेषक म्हणून नाव-पत्ता लिहितात. ते कोण लिहितं? पाठवणाराच. पोस्टमन काही घरी जाऊन तपासत नाही की सदाशिव पेठ लिहिलंय तर माणूस खरंच सदाशिव पेठेत राहतो का. कॉलर आयडीचंही तेच आहे. फोन जिथून सुटतो तिथली यंत्रणा कॉलसोबत एक नंबर लिहून पाठवते आणि पुढच्या सगळ्या कंपन्या तो जसाच्या तसा पुढे ढकलतात.

टेलिफोनचं जाळं उभं राहिलं तेव्हा यात काही वावगं नव्हतं. कंपन्या मोजक्याच होत्या, बऱ्याचशा सरकारी किंवा अवाढव्य, आणि एकमेकांवर विश्वास ठेवून काम चालायचं. इंटरनेटवरून कॉल करायची सोय आली आणि गणित फिरलं. एक कॉम्प्युटर, थोडं सॉफ्टवेअर आणि अगदी किरकोळ पैसे असले की कुणीही दिवसाला हजारो कॉल सोडू शकतो आणि प्रेषकाच्या जागी हवा तो नंबर लिहू शकतो. अमेरिकेत तर याची एक खास पद्धत रूढ झाली. ज्याला फोन लावायचा त्याच्याच नंबरचे पहिले सहा आकडे घ्यायचे आणि शेवटचे चार बदलायचे. समोरच्याला वाटतं, आपल्याच भागातलं कुणीतरी आहे, शाळेतून असेल, दवाखान्यातून असेल. उचलला जातोच.

मग नंबर बदलायची सोयच बंद का करत नाहीत? कारण त्याचे सरळ उपयोगही आहेत. एखाद्या हॉस्पिटलमध्ये चारशे टेबलांवर चारशे फोन असतात, पण पेशंटला दिसतो तो हॉस्पिटलचा एकच मुख्य नंबर. डॉक्टर घरून स्वतःच्या मोबाइलवरून पेशंटला फोन करतो तेव्हा क्लिनिकचा नंबर दिसावा अशी त्याची इच्छा असते. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बाईला निवारागृहातून फोन करताना नंबर लपवावा लागतो. म्हणूनच अमेरिकेच्या २००९ च्या कॉलर आयडी कायद्यानं नंबर बदलण्यावर सरसकट बंदी घातली नाही. फसवायच्या किंवा नुकसान करायच्या हेतूनं बदलला तरच तो गुन्हा.

आता हेतू मशीनला कसा कळणार? खरी मेख इथंच आहे.

बाँडची मार्टिनी आणि रहिवासी दाखला

स्टर आणि शेकन ही दोन्ही लांबलचक इंग्रजी नावांची आद्याक्षरं जुळवून केलेली नावं. जेम्स बाँडला मार्टिनी ढवळलेली चालत नाही, घुसळलेलीच लागते. इंजिनिअर लोकांनी तोच विनोद इथं घुसवलाय. स्टर हे इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेतलं काम, तर शेकन ही ते फोन कंपन्यांच्या जाळ्यात बसवायची पद्धत.

काम सोपं आहे. कॉल ज्या कंपनीच्या जाळ्यातून निघतो ती कंपनी कॉलला एक डिजिटल सही जोडते. कोण कुणाला कधी फोन करतोय ही माहिती त्या सहीत बांधलेली असते. कॉल जिथं पोहोचतो तिथली कंपनी ती सही तपासते. मधे कुणी नंबर बदलला असेल तर सही जुळत नाही.

पण सही करणारी कंपनी नेमकी कशाची हमी देते, हे महत्त्वाचं आहे. त्यासाठी तीन दर्जे ठेवलेत, ए, बी आणि सी. गावातल्या दाखल्यांसारखं समजा. 'ए' म्हणजे सरपंच सांगतोय की हा माणूस आमच्या ओळखीचा आहे आणि हे घरही याचंच आहे. 'बी' म्हणजे माणूस ओळखीचा आहे, पण घर त्याचं आहे का ते आम्ही पाहिलेलं नाही. आणि 'सी' म्हणजे हा आमच्या वेशीतून आत आला एवढंच, कुठला कोण ते ठाऊक नाही. परदेशातून आलेला कॉल देशाच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा हा 'सी'च मिळतो.

या तिन्हींत एक गोष्ट कुठंच नाही. हा माणूस चांगला आहे, तुम्हाला फसवणार नाही, असं एकही दर्जा म्हणत नाही. रहिवासी दाखला चोरालाही मिळतो, तो त्या गावात राहत असेल तर.

डिसेंबर २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्रेस्ड नावाच्या कायद्यावर सही केली. त्या आधारानं तिथल्या दूरसंचार नियामकानं, म्हणजे एफसीसीनं, ३० जून २०२१ ही तारीख दिली. एक लाखापेक्षा जास्त लाइन नसलेल्या छोट्या कंपन्यांना आणखी मुदत मिळाली. शिवाय एक सरकारी यादी उघडण्यात आली. रोबोकॉल रोखायला आपण काय करतो हे प्रत्येक कंपनीनं तिथं लिहून द्यायचं. यादीत ज्या कंपनीचं नाव नाही, तिचे कॉल २८ सप्टेंबर २०२१ पासून बाकीच्यांनी घ्यायचेच नाहीत.

कागदावर सगळं चोख होतं.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेत यूमेल नावाची एक कंपनी रोबोकॉलचा अंदाज काढते. रोबोकॉल म्हणजे आधी रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारे, मशीननं सोडलेले कॉल. तिच्या हिशोबानं २०१९ मध्ये असे सुमारे ५८ अब्ज कॉल झाले. २०२० मध्ये कोरोनामुळं कॉल सेंटरंच बंद पडली आणि आकडा ४६ अब्जांच्या आसपास आला. मग सह्यांची सक्ती आली. २०२१ मध्ये सुमारे ५० अब्ज, २०२२ मध्ये जवळपास तेवढेच, २०२३ मध्ये ५५ अब्ज आणि २०२४ मध्ये ५३ अब्जांच्या जवळ.

म्हणजे सक्तीच्या आधी जिथं होते, तिथंच कमी-जास्त घुटमळतायत. यात दवाखान्याची अपॉइंटमेंट, शाळेला सुट्टी, बिलाची आठवण असे कामाचे कॉलही धरलेले आहेत, तेव्हा सगळेच ५० अब्ज चोर म्हणता येणार नाहीत. तरीही सह्या आल्या आणि फोन शांत झाले असं काही या आकड्यांत दिसत नाही.

दुसरीकडं, अमेरिकेचा फेडरल ट्रेड कमिशन हा विभाग नको असलेल्या कॉलच्या तक्रारी घेतो. त्यानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की या तक्रारी २०२१ च्या तुलनेत निम्म्याहून जास्त घटल्यात. ही घट छोटी नाही. पण तिचा अर्थ लावताना हात राखूनच लावावा लागतो. फसवे कॉल खरंच कमी झाले असतील. फोन कंपन्या आणि ॲप संशयास्पद कॉल आधीच अडवत असतील, त्यामुळं घंटाच वाजत नसेल. किंवा लोकांनी अनोळखी नंबर उचलायचंच सोडलं असेल. जो फोन उचललाच नाही त्याची तक्रार कोण करणार?

आणि या शेवटच्या शक्यतेची किंमत मोठी आहे. लॅबमधून रिपोर्ट सांगायला आलेला फोन, मुलाला शाळेत लागलंय म्हणून आलेला फोन, नोकरीच्या इंटरव्ह्यूचा फोन, सगळे एकाच मापानं कापले जातात. स्पॅमनं पैसे जातात हे तर झालंच, पण अनोळखी नंबरवरचा विश्वास जातो ते नुकसान मोजायला कुठला तक्ता नाही.

भोकं कुठं पडली?

पहिलं भोक तांत्रिक आहे. ही सही फक्त इंटरनेटच्या भाषेत चालणाऱ्या जाळ्यातून प्रवास करते. अमेरिकेत जुन्या तांब्याच्या जमान्यातले स्विच अजून जागोजागी आहेत. कॉल त्यातल्या एकातून गेला की सही तिथंच गळून पडते, जशी एसटी बदलताना मागच्या गाडीतच पिशवी राहावी तशी. त्यामुळं २०२४ मध्येही निम्म्याहून कमी कॉल सही शाबूत ठेवून शेवटपर्यंत पोहोचत होते.

दुसरं भोक जास्त गमतीचं आहे. स्पॅमवाल्यांनी नंबर चोरायचं सोडून नंबर विकत घ्यायला सुरुवात केली. इंटरनेट फोनच्या कंपन्यांकडून हजारोंनी खरे नंबर भाड्यानं घ्यायचे, एकेका नंबरवरून थोडेच कॉल करायचे आणि ब्लॉक व्हायच्या आत पुढचा नंबर धरायचा. नंबर त्यांचा स्वतःचाच असतो. त्यामुळं दाखला मिळतो 'ए'चा, तोही नियमानुसार. म्हणजे ज्या कुलुपासाठी एवढा खर्च केला, त्याची किल्ली चोरानं दुकानातून रीतसर विकत घेतली.

तिसरं भोक म्हणजे दाखला देणारा स्वतः. याचं उदाहरण जानेवारी २०२४ मध्ये सगळ्या जगानं पाहिलं.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात २३ जानेवारीला राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्राथमिक मतदान होतं. दोन दिवस आधी तिथल्या हजारो मतदारांना फोन आला. आवाज जो बायडन यांचा. या मंगळवारी मत देऊ नका, तुमचं मत नोव्हेंबरसाठी राखून ठेवा, असा त्याचा सूर. बायडन यांनी असलं काही बोललेलंच नव्हतं, आवाज एआयनं बनवलेला होता. आणि स्क्रीनवर नंबर दिसत होता तो त्यांच्याच पक्षाच्या राज्यातल्या एका माजी अध्यक्ष बाईंचा. त्यांना याचा पत्ताही नव्हता.

म्हणजे आवाज खोटा, नंबर खोटा. आणि त्या कॉलवर दाखला कुठला होता? 'ए'.

तो लावला होता लिंगो टेलिकॉम नावाच्या कंपनीनं. चौकशीत निघालं की कंपनीनं नंबर तपासण्याऐवजी आपल्या गिऱ्हाइकाच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. गिऱ्हाईक म्हणालं नंबर बरोबर आहे, कंपनीनं शिक्का मारला. ऑगस्ट २०२४ मध्ये लिंगोनं १० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं आणि इथून पुढं गिऱ्हाईक नीट तपासू अशी हमी दिली. हे कॉल घडवून आणणाऱ्या राजकीय सल्लागाराला एफसीसीनं ६० लाख डॉलरचा दंड ठोठावला.

ही केस लिंगोपुरती नाही. या सगळ्या यंत्रणेत दाखला देणाऱ्याला पैसे कोण देतं? तर कॉल करणारा. जितके जास्त कॉल, तितकी जास्त कमाई. जो सरपंच प्रत्येक दाखल्यामागं पैसे घेतो आणि चुकीच्या दाखल्याचा जाब त्याला कधीतरीच द्यावा लागतो, त्याच्या गावात दाखले किती कडक मिळतील हे सांगायला तंत्रज्ञ लागत नाही.

मग सगळं वाया गेलं का?

नाही. फक्त यंत्रणेकडून अपेक्षा चुकीची धरली गेली. सही हे कुलूप म्हणून विकलं गेलं, कामाला आली ती पावती म्हणून.

पूर्वी एखादा फसवा कॉल कुठून आला हे शोधायचं म्हणजे एका कंपनीनं मागच्या कंपनीला विचारायचं, तिनं तिच्या मागच्या कंपनीला, असं पाच-सहा पायऱ्या उलटं जायचं. दरम्यान कॉल करणारा गाशा गुंडाळून मोकळा. आता कॉलवर सही असेल तर पहिल्यांदा तो जाळ्यात कुणी घेतला, हे थेट दिसतं. ज्यानं शिक्का मारला त्याचं नाव शिक्क्यातच असतं. लिंगोला पकडणं सोपं गेलं ते त्यामुळंच.

आणि दारावर कुणीतरी दांडकं घेऊन उभं राहिलं की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आलीय, हा रेकॉर्डेड कॉल अमेरिकेत एवढा वाजायचा की त्याच्यावर मीम निघाले. त्यामागच्या एका टोळीनं २०२१ मध्ये तीन महिन्यांत पाच अब्जांहून जास्त कॉल केले, १० लाखांहून जास्त वेगवेगळे नंबर दाखवून. जुलै २०२२ मध्ये एफसीसीनं देशातल्या सगळ्या फोन कंपन्यांना हुकूम काढला की या टोळीचे कॉल घेणं बंद करा. काही महिन्यांत वॉरंटीचे कॉल ९९ टक्के घटले, असं एफसीसीनं जाहीर केलं. पुढं ऑगस्ट २०२३ मध्ये जवळपास ३० कोटी डॉलरचा दंड लावला.

इथं कॉल थांबले ते सहीमुळं नव्हे. मधल्या कंपन्यांना दार बंद करायला लावलं म्हणून थांबले. मात्र त्याच काळातले एकूण रोबोकॉल बघा, ते होते तिथंच राहिले. वॉरंटीवाले गेले, त्यांच्या जागी दुसरं कुणीतरी आलं.

इतर देशांनी यातून आपापला अर्थ काढला. कॅनडानं नोव्हेंबर २०२१ मध्ये हीच पद्धत सक्तीची केली. फ्रान्सनं ऑक्टोबर २०२४ पासून स्वतःची अशीच यंत्रणा लागू केली. ब्रिटनच्या ऑफकॉमनं मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं की तूर्त आम्ही याच्या मागं लागत नाही, परदेशातून येऊन ब्रिटिश नंबर दाखवणारे कॉल अडवण्यावर आधी भर देतो.

आपल्याकडं काय चाललंय?

भारतानं अमेरिकेसारखी प्रत्येक कॉलवर सही करायची सक्ती केलेली नाही. आपला रस्ता ब्रिटनच्या जवळचा आहे, आणि त्याला कारणही आहे. इथं सिम घ्यायला ओळखपत्र लागतं, मोबाइल कंपन्या मोजक्या आहेत, आणि देशातल्या देशात सिमवरून केलेल्या कॉलचा नंबर कंपनीच लावते. स्पूफिंगची मोठी वाट होती ती परदेशातून. कंबोडियात किंवा आणखी कुठं बसून +९१ नं सुरू होणारा नंबर दाखवायचा आणि मी मुंबई क्राइम ब्रँचमधून बोलतोय म्हणायचं.

२२ ऑक्टोबर २०२४ ला दूरसंचार खात्यानं या वाटेवर नाका बसवला. परदेशातून आलेल्या कॉलवर भारतीय मोबाइल नंबर दिसला की यंत्रणा तपासते, हा ग्राहक खरंच परदेशात रोमिंगवर आहे का? फोन सांगलीत असेल आणि कॉल बाहेरून येत असेल तर कॉल तिथंच कापायचा. पहिल्या २४ तासांत १ कोटी ३५ लाख कॉल कापले गेले. भारतीय नंबर दाखवत बाहेरून आलेल्या कॉलपैकी ते सुमारे ९० टक्के होते. म्हणजे दहातले नऊ बनावट. दोन महिन्यांत हा आकडा दिवसाला सहा लाखांच्या आसपास आला.

जबरदस्त यश, यात वाद नाही. पण खात्याच्या त्याच निवेदनात पुढची ओळ होती की आता ठग परदेशी नंबरवरूनच फोन करू लागलेत, +७७, +८९, +८५, +८६, +८४ अशा अनोळखी कोडपासून सावध राहा. एक भिंत बांधली, पाणी बाजूनं वळलं. अर्थात यातही फायदा आहे. +८४ वरून कुणी मुंबई पोलीस म्हणून बोलायला लागला तर निदान शंकेला जागा तरी राहते.

याहून अवघड आहे ते सिम बॉक्सचं प्रकरण. एका पेटीत डझनावारी, कधी शेकडो खरी सिम कार्डं लावायची. परदेशातून कॉल इंटरनेटवरून पेटीपर्यंत येतो आणि पेटीतून लोकल कॉल बनून बाहेर पडतो. नंबर खरा, सिम खरं, त्यावर कुणाचं तरी आधारही खरं. फक्त तो कुणीतरी बोलणारा नसतो. सहीची पद्धत इथं आणली तरी अशा कॉलला पहिल्या फटक्यात 'ए' मिळेल. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात नंबर किंवा ओळख बदलून फसवण्याला, आणि खोटी ओळख दाखवून सिम घेण्याला, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पेटी सापडायला मात्र पाहिजे.

डिजिटल अरेस्टवाले तर आणखी पुढं गेलेत. सुरुवातीचा एक फोन झाला की ते गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवर घेतात. तिथं फोन कंपनीचा ना शिक्का, ना नाका.

आणि रोजचा वैताग म्हणजे पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड आणि पुण्यापासून अवघ्या तासाभरावर एनए प्लॉट. यातलं काहीच स्पूफ नसतं. साधा दहा आकडी नंबर, साधी पगारी पोरगी, समोर कागदावर यादी. २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत नोंदणी न करता कॉल करणाऱ्या अशा टेलिमार्केटरविरुद्ध ७.९ लाख तक्रारी आल्या. मग ऑगस्टमध्ये ट्रायनं सरळ आदेश काढला. असले कॉल करणाऱ्याच्या सगळ्या लाइन तोडा आणि दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका. सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत ५० हून जास्त संस्था काळ्या यादीत गेल्या आणि पावणेतीन लाख नंबर, लाइन बंद झाल्या. ऑगस्टमध्ये १.८९ लाख असलेल्या तक्रारी ऑक्टोबरमध्ये १.५१ लाखांवर आल्या. दोन महिन्यांत २० टक्के घट, आणि त्यासाठी एकाही कॉलवर डिजिटल सही करावी लागली नाही. कात्री लागली.

बाकी दोन गोष्टी सुरू आहेत. एक म्हणजे नंबरांच्या मालिका. जाहिरातीचे कॉल १४० पासून सुरू होणाऱ्या नंबरवरून आणि बँक, विमा वगैरेंचे व्यवहाराचे कॉल १६०० पासून सुरू होणाऱ्या नंबरवरून यावेत अशी रचना आहे. बँकांना त्यासाठी १ जानेवारी २०२६ ही तारीख दिली गेली. ही कल्पना साधी आहे म्हणूनच बरी आहे. बँकेचं नाव सांगून साध्या मोबाइल नंबरवरून कुणी बोलत असेल तर सत्तर वर्षांच्या आजीलाही तो ओळखता येईल, फक्त १६०० हा आकडा तिच्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

दुसरी म्हणजे सीएनॅप. फोन वाजला की नंबरासोबत नावही दिसणार. ट्रूकॉलरसारखं लोकांनी सेव्ह केलेलं नाव नव्हे, तर सिम घेताना फॉर्मवर लिहिलेलं नाव. ट्रायनं फेब्रुवारी २०२४ मध्ये याची शिफारस केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ही सेवा ग्राहकाला मागावी न लागता आपोआप सुरू असावी यावर शिक्कामोर्तब केलं. जुन्या टूजी हँडसेटवर मात्र ती चालणार नाही, म्हणजे नेमक्या ज्या म्हाताऱ्या माणसांना गरज जास्त, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना नाव दिसायचं नाही. शिवाय फॉर्मवर नाव ज्याचं, दिसणार तेच. भाड्यानं घेतलेल्या सिमवर एखाद्या शेतमजुराचं किंवा कॉलेजच्या पोराचं नाव झळकेल, आणि गुन्हा घडला तर पहिली नोटीसही त्याच्याच घरी जाईल.

आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे संचार साथी पोर्टलवर मोबाइल नंबर टाकून बघता येतं आणि अनोळखी सिम तिथंच बंद करायला सांगता येतं. फसवा कॉल आला पण पैसे गेले नाहीत, तर त्याच पोर्टलवर 'चक्षू'मध्ये कळवायचं. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. आणि प्लॉटवाल्याची तक्रार १९०९ वर, कॉल आल्यापासून सात दिवसांच्या आत. २०२५ च्या नव्या नियमांनुसार दहा दिवसांत एकाच कॉलरविरुद्ध पाच तक्रारी झाल्या तरी कारवाई सुरू होते. पूर्वी त्यासाठी सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या.